रबराच्या झाडाच्या हर्बेरियम-नोंदी कशा तपासाव्यात

ज्याच्या चिकापासून नैसर्गिक रबर मिळते तो हेविया ब्राझिलिएन्सिस हा वृक्ष ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, आणि त्यातही प्रामुख्याने मुख्य नदीच्या दक्षिणेकडचा आहे. त्याच्या वाळवून कागदावर चिकटवलेल्या, म्हणजेच हर्बेरियममधल्या, नमुन्यांच्या नोंदी जीबीआयएफ आणि ब्राझीलच्या रिफ्लोरा या ऑनलाइन संग्रहांत कोणालाही पाहता येतात. मात्र त्या उतरवून घेऊन लगेच या जातीच्या नैसर्गिक क्षेत्राच्या नकाशावर ठिपके मांडू नयेत.

शोध घेताना जुने नावही वापरावे. १८२४ मध्ये ही जाती सिफोनिया ब्राझिलिएन्सिस या नावाने प्रसिद्ध झाली आणि १८६५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ म्युलर यांनी ती हेविया या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, आणली, त्यामुळे जुन्या नमुन्यांवर पहिलेच नाव आढळू शकते. त्यानंतर शक्य तिथे नमुन्याचे छायाचित्र उघडून त्यावर फुले आहेत का, हे पाहावे. या जातीच्या नरफुलात दहा परागकोश दोन वलयांत असतात, तर त्याच गटातल्या हेविया गियानेन्सिसमध्ये बहुधा पाचच असतात आणि ते एका वलयात असतात. झाड तीस मीटरपर्यंत उंच जात असल्याने फुले हाती लागणे कठीण असते. आणि तीन पर्णिकांचे पान तर साऱ्या हेवियांचेच लक्षण आहे. म्हणून नुसत्या पानांच्या नमुन्यावरची ओळख, ती कोणीही केलेली असली तरी, मी शंकास्पदच धरतो.

एकाच फांदीचे तुकडे रिओ, लंडनचे क्यू वनस्पतिउद्यान, न्यूयॉर्क अशा अनेक संग्रहालयांत वाटलेले असतात. संग्राहकाचे नाव, त्याचा क्रमांक आणि तारीख जुळली, तर त्या सगळ्या मिळून एकच नोंद समजावी.

सर्वांत जास्त वेळ स्थळाला द्यावा. नमुन्याला लावलेल्या जुन्या चिठ्ठीवरचे ‘बार्रा’ म्हणजे आजचे मनाऊस आणि ‘एगा’ म्हणजे तेफे. नुसते ‘पारा’ लिहिलेले असेल तर ते पुष्कळदा बेलें शहर असते. तिथे अक्षांश-रेखांश पारा राज्याच्या मध्यावर लावले गेले, तर ठिपका शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडतो. आज ब्राझीलमध्ये असलेला आक्रे हा रबराचा समृद्ध प्रदेश १९०३ च्या करारापर्यंत बोलिव्हियाचा मानला जात असे, म्हणून तिथल्या नोंदीत देशाचे नाव वेगळे दिसले तरी ती चुकीची ठरवू नये. मूळ चिठ्ठी वाचल्याशिवाय संगणकाने सुचवलेले अक्षांश-रेखांश स्वीकारू नयेत, असा माझा आग्रह आहे.

लागवडीचे नमुने वेगळे काढणेही तितकेच आवश्यक आहे. १८७६ मध्ये इंग्रज हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधल्या तापाझोस नदीच्या परिसरातून सुमारे सत्तर हजार बिया क्यूला नेल्या आणि तिथली रोपे पुढे श्रीलंकेत पोहोचली. त्यामुळे आशियातल्या नोंदी, केरळ, गोवा आणि सिंधुदुर्गातल्या झाडांसह, लागवडीच्याच समजाव्यात. रिओ दी जानेरोची नोंदही त्याच वर्गातली, कारण ते शहर या जातीच्या नैसर्गिक क्षेत्राबाहेर आहे. ब्राझीलमधल्या चिठ्ठ्यांवर ‘कुल्तिवादा’ (लागवडीचे) हा शब्द शोधावा. तो नसला तरी वनस्पतिउद्यान किंवा संशोधन केंद्र हे स्थळ पुरेसे सूचक असते. अशा नोंदी पुसून न टाकता त्यांच्यापुढे वेगळ्या रकान्यात कारण लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तो निर्णय पुन्हा तपासता येईल.