सिकोया लावायचाय? आधी फ्रिजमध्ये जागा करा

इथे जर्मनीत, स्टुटगार्टला विल्हेल्मा म्हणून प्राणिसंग्रहालय कम बाग आहे, पुण्याहून कुणीही आलं की आम्ही त्यांना तिकडे नेतोच, आणि तिथली मामूटबाउमची, म्हणजे जायंट सिकोयाची राई बघून पाहुणे हमखास विचारतात की हे घरी लावता येतं का. येतं. पण पुण्यात नाही हां, आधीच सांगते. हे झाड मूळचं कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावरचं, साधारण १४०० ते २१०० मीटर उंचीवरचं, तिथे हिवाळ्यात बर्फ साचतो आणि तोच वितळून उन्हाळ्यात मुळांना पाणी मिळतं. कुणी हौसेने बिया गिफ्ट दिल्या तरी कोथरूडच्या बाल्कनीत वाया घालवू नका.

इथे मात्र हे झाड छान रुळलंय. १८६४ मध्ये इथल्या राजाने, पहिल्या विल्हेल्मने, बी मागवलं, त्यातून हजारो रोपं झाली आणि ती आसपासच्या जंगलांत वाटली गेली. राजा त्याच वर्षी गेला, झाडं अजून उभी आहेत.

बी विकतच घ्या. कॅलिफोर्नियाला फिरायला गेलात तरी नॅशनल पार्कमधून शंकू, म्हणजे ह्याचं बियांचं बोंड, उचलून आणायचा नाही, तिथे मनाई आहे. बी बघून तुम्हाला वाटेल फसवलं, इतकं चपटं आणि हलकं, फुंकलं तर उडेल असं. एका किलोत दोनेक लाख बिया बसतात म्हणजे विचार करा. एक रात्र पाण्यात भिजवायचं, मग ओल्या टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत, आणि पिशवी फ्रिजमध्ये चार ते सहा आठवडे. फ्रीझरमध्ये नाही, खाली, भाज्यांच्या कप्प्यात. ह्याने बीला वाटतं हिवाळा झाला. पिशवीवर नाव नक्की लिहा, कारण माझी पहिली पिशवी आईने सडलेला ओवा समजून टाकून दिली आणि वर मलाच ऐकवलं की फ्रिज साफ करत नाहीस.

आता माती. आपण गुलाबाला घालतो तसं भरपूर खत घालून माती तयार केली की वाट लागली, मी तेच केलेलं. जंगलात ह्याचे शंकू वर्षानुवर्षं झाडावर बंद राहतात, वीस वीस वर्षंसुद्धा, मग वणवा आला की त्या उष्णतेने सुकून उघडतात आणि बी खाली पडतं, तेही पालापाचोळा जळून उघड्या पडलेल्या जमिनीवर. म्हणजे ह्याला लहानपणी उघडी, मोकळी मातीच लागते. बिया रुजवायची साधी माती अर्धी आणि जाड वाळू अर्धी, बस. बी पुरायचं नाही, वर ठेवून दोनतीन मिलिमीटर वाळू भुरभुरवायची, वीसेक डिग्रीला उजेडात ठेवायचं, फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन ते चार आठवड्यात कोंब येतात, आणि वीस बियांतून चारपाच आले तरी खूश व्हा, सगळे कधीच येत नाहीत.

खरी परीक्षा इथून पुढे. मर रोग. रात्री ठीक असलेलं रोप सकाळी मातीलगत मऊ पडून आडवं झालेलं दिसतं आणि मग काहीही करा, गेलं ते गेलं. वरून पाणी घालू नका, कुंडी ताटलीत ठेवून खालून पिऊ द्या, वरची माती जरा सुकू द्या, आणि प्लास्टिकचं झाकण घातलं असेल तर कोंब आल्याबरोबर काढा, हवा खेळली पाहिजे. पाणी शक्यतो पावसाचं, नळाच्या पाण्याने आमच्या केटलमध्ये पांढरा थर बसतो, तसलं चुन्याचं पाणी नको.

मे महिन्यात थंडीची भीती गेली की बाहेर ठेवा, आधी सावलीत मग उन्हात, आणि परत घरात आणू नका. हीटर चालू असलेल्या हॉलमध्ये हे झाड हिवाळा काढू शकत नाही, लोक प्रेमाने आत आणतात आणि मारतात. बाहेरच राहू दे, फक्त पहिले दोनतीन हिवाळे कुंडीला गोणपाट गुंडाळा, मुळं गोठायला नकोत. थंडीत पानं तांबूस-जांभळी झाली तर घाबरू नका, वसंतात परत हिरवी होतात. पण भर उन्हाळ्यात एखादीच फांदी तपकिरी पडून वाळली तर ती बुरशी असू शकते, पाण्याचा ताण बसला की होते, फांदी खालच्या निरोगी भागापर्यंत कापा आणि पाणी वाढवा.

रोप नर्सरीतून आणणार असाल तर नाव नीट वाचा, कारण मामूटबाउम ह्या नावाखाली तीन वेगळी झाडं विकतात. त्यातलं उरवेल्टमामूटबाउम मूळचं चीनचं, ते हिवाळ्यात सगळी पानं गाळतं, आमच्या एका ओळखीच्यांनी मेलं समजून कचऱ्यात टाकलेलं.

जमिनीत लावायचं तर घरापासून, ड्रेनेजपासून आणि शेजाऱ्याच्या कुंपणापासून लांब, मी म्हणेन निदान पंधरा मीटर. मुळं खोल जात नाहीत, आडवी लांबवर पसरतात. झाडं कुंपणापासून किती लांब हवीत ह्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत, राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, विचारून घ्या. जनरल शर्मन नावाचं कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं झाड जवळपास ८४ मीटर उंच आहे आणि बुंधा तळाशी ११ मीटर रुंद, आमची अख्खी बाग सहा मीटर रुंद आहे. आपल्या हयातीत तेवढं होणार नाही, मान्य, पण एकदा मूळ धरलं की वर्षाला अर्धा मीटर सहज वाढतं. त्यामुळे रो-हाउसवाल्यांनी उंच कुंडीतच चारपाच वर्षं मजा घ्यावी आणि मग मोठी जागा असलेला माणूस शोधावा. मला मिळालीय एक मैत्रीण, गावाकडे घरामागे भरपूर जागा, ऑक्टोबरमध्ये लावायचं ठरलंय, पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायचं तिने कबूल केलंय आणि खड्डा माझा नवरा खणणार आहे, त्याला अजून सांगितलेलं नाही.