हॅलिफॅक्समध्ये फॅमिली डॉक्टर नसताना बीपीच्या गोळ्या कशा मिळाल्या

पुण्याहून आणलेल्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात (हॅलिफॅक्स इथलंच) नवीन पेशंट घेणारा फॅमिली डॉक्टर सापडत नव्हता. इथे भारतातल्या चिठ्ठीवर औषध देत नाहीत.

आधी एमएसआय, म्हणजे प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचं हेल्थ कार्ड काढलं. मग ८११ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन करून फॅमिली डॉक्टरसाठीच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं. नंबर कधी लागेल ते लागो, नाव आल्याआल्या घालाच! त्या यादीत असलेल्यांना 'व्हर्च्युअलकेअर एनएस' या प्रांताच्या ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. मी तेच केलं.

व्हिडिओवर गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. आपल्याकडचं ब्रँडचं नाव इथे कुणाला कळत नाही. मागे बारीक अक्षरात छापलेलं 'टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ' वाचून दाखवल्यावर डॉक्टरांचं काम सोपं झालं. घरच्या यंत्रावर घेतलेलं बीपीचं रीडिंग वहीत लिहिलेलं होतं, तेही त्यांनी विचारलं. चिठ्ठी थेट जवळच्या फार्मसीत गेली.

एक लक्षात ठेवा, एमएसआयमध्ये डॉक्टरची फी येते, पण दुकानातून घेतलेल्या गोळ्यांचा खर्च सहसा येत नाही. नोकरी स्वीकारतानाच औषधांचा विमा आहे का, ते एचआरला जरूर विचारा.