प्रकाशाचं गणित आणि केऑस वापरून चित्र कसं एन्क्रिप्ट करावं

चित्र एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करायच्या, एका पद्धतीत (रेफ्रेजिए आणि जाविदी या संशोधकांनी ती 1995 साली मांडली) चित्र दोन लेन्समधून जातं आणि वाटेत दोन फेज मास्क, म्हणजे प्रकाशलहरींना जागोजागी वेगवेगळं मागेपुढे सरकवणारे पडदे, लागतात: एक चित्रालाच लागून, दुसरा दोन लेन्सच्या मधोमध. पलीकडे उमटतो नुसता गोंगाट. लेन्सचं काम गणितात फूरियर रूपांतर (चित्र लहरींच्या बेरजेत मांडणं) करतं, त्यामुळे प्रयोगशाळा नसली तरी पायथन आणि त्यातली नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी पुरतात.

खरी अडचण मास्कची. 512×512 चित्राच्या एकाच मास्कला 2,62,144 आकडे लागतात. एवढे आकडे समोरच्याला गुपचूप पोचवायचे कसे? केऑसमुळे, म्हणजे साध्या सूत्रातून येणाऱ्या पण बेभरवशाच्या दिसणाऱ्या आकड्यांमुळे, सुरुवातीचा एक आकडा कळवला की भागतं. सूत्र साधं आहे: नवा क्ष = 4 × क्ष × (1 − क्ष). आलेलं उत्तर पुन्हा त्यातच घालत राहा. सुरुवातीच्या आकड्यात दहाव्या दशांश स्थळी फरक केला, तरी पस्तीसेक फेऱ्यांत दोन्ही मालिकांचा एकमेकींशी संबंध उरत नाही.

0.5 पासून मात्र सुरू करू नका. पुढचं उत्तर 1 येतं, मग 0, आणि तिथेच सगळं थांबतं. 0.75 तर जागचा हलतच नाही.

पहिल्या हजार फेऱ्या टाकून द्या. हे आकडे 0 आणि 1 जवळ दाटी करतात, म्हणून प्रत्येकाला दहा लाखांनी गुणून फक्त दशांशानंतरचा भाग घ्या आणि 360 अंशांनी गुणा. हे झाले कोन. प्रत्येक कोन θ साठी cos θ + i sin θ काढा, हा झाला मास्क. दुसऱ्यासाठी सुरुवातीचा आकडा वेगळा घ्या.

आता चित्राला पहिल्या मास्कने गुणा, फूरियर रूपांतर करा, दुसऱ्या मास्कने गुणा, उलट रूपांतर करा. उत्तर संमिश्र संख्यांत येतं. वास्तव आणि काल्पनिक दोन्ही भाग जसेच्या तसे साठवा. जेपेग केलंत तर चित्र बिघडलंच म्हणून समजा.

उलगडताना रूपांतर करा, दुसऱ्या मास्कने भागा, उलट रूपांतर करून प्रत्येक संमिश्र संख्येचं फक्त परिमाण (np.abs) घ्या. पहिला मास्क इथे आपोआप गळून पडतो. म्हणजे खरी किल्ली दुसराच मास्क, त्याचा आकडा जिवापाड जपा. दोन्हीकडे सूत्र अक्षरशः एकाच क्रमाने लिहा. कंस सोडवून लिहिलं तर राउंडिंगमधला सूक्ष्म फरक साठेक फेऱ्यांत मालिका पार बदलून टाकतो.

ही पद्धत रेषीय आहे, म्हणजे दोन चित्रांची बेरीज एन्क्रिप्ट केली तर उत्तरांचीही नुसती बेरीजच होते. एखाद्याने स्वतः निवडलेली चित्रं तुमच्याकडून एन्क्रिप्ट करून घेतली, तर मास्क फुटतो. म्हणून दर चित्राला नवा आकडा हवाच. शिवाय अशा एका आकड्यात फार तर 53 बिटांची गुप्तता मावते. वैद्यकीय स्कॅन किंवा ओळखपत्रासारखं काही पाठवायचं असेल, तर तयार झालेली फाइल वरून एईएस या प्रमाणित एन्क्रिप्शन पद्धतीनेही बंद करा.