सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की

गणपती जाऊन आठवडा झाला असेल, सहकारनगरला मावशीकडे गेलो होतो. सी ड्राइव्ह भरत आल्याची लाल पट्टी दिसत होती, म्हणून काका दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून एकेक फाइल उडवत होते. "अरे, सोसायटीची पाच वर्षांची इतिवृत्तं काढून टाकली, तरी पट्टी लालच!" काका सोसायटीचे सचिव. पाच वर्षांची इतिवृत्तं म्हणजे वर्डच्या सत्तरेक फाइल्स, एकेक 40 केबीची. सगळ्या मिळून 3 एमबीसुद्धा होत नव्हत्या. त्याच ड्राइव्हवर विसर्जन मिरवणुकीचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ निवांत पडला होता, 3.8 जीबीचा. तोही तीन ठिकाणी.

घरच्या कागदपत्रांनी डिस्क भरत नाही. ती भरते व्हिडिओंनी, फोनच्या बॅकअपनी, गेम्सनी आणि विंडोजने स्वतःच मागे ठेवलेल्या मालाने. म्हणून डिलीटच्या बटणाला हात लावण्याआधी जागा कुणी खाल्ली ते बघा.

त्याही आधी रीसायकल बिन उघडा. डिलीट केलेली फाइल तिथे जाऊन बसते आणि डिस्कवरची जागा अडवूनच असते. काकांची इतिवृत्तं तिथेच सापडली, म्हणून निभावलं. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची, त्यात मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, आणि सचिवांकडेच ते नाही! तेव्हा बिन आधी चाळा, हवं ते 'रीस्टोर' करा, मगच रिकामी करा.

आता मोजणी. विंडोज 10 असो वा 11, सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात स्टोरेज उघडा. मिनिटभरात अ‍ॅप्स, टेम्पररी फाइल्स वगैरेंनी किती जागा घेतली ते दिसतं. पण नेमका फोल्डर हवा असेल तर विझट्री किंवा विनडिरस्टॅट हे प्रोग्रॅम बरे. घरगुती वापरासाठी दोन्ही फुकट. ते सगळ्या डिस्कचा नकाशा काढतात, लेआउटवर प्लॉट आखावेत तसा. फाइल जितकी मोठी तितका तिचा चौकोन मोठा. काकांच्या नकाशात कोपऱ्यात एक भलामोठा प्लॉट होता, 41 जीबीचा. तो निघाला मावसबहिणीच्या जुन्या आयफोनचा बॅकअप. तिने त्यानंतर दोन फोन बदललेत. तरी तिला फोन करून विचारलं, आणि तिने "उडव" म्हटल्यावरच आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये, डिव्हाइसेसखाली जाऊन तो काढला. निम्मं काम तिथेच झालं.

मग त्याच स्टोरेजच्या पानावरचं टेम्पररी फाइल्स उघडा. इथे बहुतेक गोष्टींवर टिक करायला हरकत नाही, थंबनेल्स, म्हणजे फाइल्सची छोटी चित्रं, तर विंडोज पुन्हा बनवतं. दोन ओळी मात्र वाचून टिक करा. पहिली 'डाउनलोड्स'. टेम्पररी म्हणून ती यादीत येते खरी, पण आपल्याकडे लाइट बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं त्याच फोल्डरात असतं. तिथली टिक काढा आणि तो फोल्डर हाताने, साइजप्रमाणे लावून साफ करा. दुसरी ओळ 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'. मोठ्या अपडेटनंतर जुनं विंडोज तिथे राहतं आणि सहज 10–20 जीबी अडवतं. ते दहा दिवसांनी आपोआप जातं. नवीन विंडोज नीट चालत असेल तर आधी काढलं तरी चालेल, फक्त मग मागे परतता येत नाही.

आपल्याकडच्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरची एक वेगळीच गंमत. सी ड्राइव्ह 100 जीबीचा, आणि डी, ई शेकडो जीबीचे, ओस पडलेले. अशा वेळी काहीच डिलीट करायची गरज नसते. डीवर आधी एक नवा फोल्डर करा. मग व्हिडिओज फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि तो नवा फोल्डर दाखवा. नुसता डी ड्राइव्ह दाखवू नका. मग आख्खा डीच 'व्हिडिओज' होऊन बसतो आणि ते निस्तरताना नाकी नऊ येतात. पिक्चर्स आणि डाउनलोड्सही असेच हलवता येतात.

डी हा पुष्कळदा त्याच डिस्कचा तुकडा असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. मुंजीचे, बारशाचे व्हिडिओ असतील तर तापकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून एक एक्स्टर्नल डिस्क आणा आणि त्यावर कॉपी करा. कट-पेस्ट केलंत तर प्रत पुन्हा एकच उरते.

विंडोज फोल्डरच्या आत जाऊन हाताने काहीही काढू नका. तिथला 'विनएसएक्सएस' फोल्डर अवाढव्य दिसतो म्हणून लोक त्याच्यावर घसरतात, आणि मग कॉम्प्युटर सुरूच होत नाही. 'एका क्लिकमध्ये सफाई' म्हणणारे प्रोग्रॅम मी तरी घरात घेत नाही.

कधीकधी अचानक 450–500 एमबीचा नवाच ड्राइव्ह दिसू लागतो आणि तो भरल्याची सूचना सारखी येते. 2018 च्या एप्रिलमधल्या विंडोज 10 च्या अपडेटनंतर अनेकांना हा अनुभव आला. तो रिकव्हरी पार्टिशन असतो, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला डिस्कचा तुकडा. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याचं सी, डीसारखं अक्षर तेवढं काढा, पार्टिशन पुसू नका. अक्षर काढायचा पर्यायच दिसत नसेल तर जाणकाराला दाखवा.

किती जागा मोकळी ठेवावी? 10 टक्क्यांच्या खाली गेलं की पट्टी लाल होते. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर चालणारी डिस्क, असेल तर 15–20 टक्के ठेवा, कारण गच्च भरलेली एसएसडी मंदावते. काकांची 256 जीबीची, म्हणून 40 मोकळे. "पण इथे 238च दिसतंय, दुकानदाराने फसवलं!" फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे 1000 च्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या. 500 घेतलीत तर 465 दिसणार.

निघताना विंडोजमधलं स्टोरेज सेन्स चालू करून दिलं, ते नको असलेल्या फाइल्स आपोआप साफ करतं. डाउनलोड्ससमोर 'नेव्हर' ठेवलं. रीसायकल बिनची मुदत आपसूक 30 दिवसांची असते, काकांसाठी मी ती 60 केली.