गल्ल्यावर बसून कन्नड बोलायची सवय कशी लावायची

आमचं दुकान कोल्हापुरात, चप्पल लाईनीत. शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं गिऱ्हाईक असतं आणि त्यातलं बरंचसं कर्नाटकातल्या चिकोडी, अथणी, गोकाक इकडचं. आण्णा तोडकंमोडकं कन्नड बोलून धंदा करायचे, मी मात्र कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवून हसायचो. मी बी.एड. झालेला माणूस, नोकरी काय लागली नाही (ती स्टोरी परत कधीतरी), पण परीक्षेपुरता घोकलेला वर्तनवाद (शिकणं म्हणजे सवय लागणं, असं म्हणणारी मानसशास्त्रातली थेरी) शेवटी इथं गल्ल्यावर कामाला आला. ज्याला दुकानापुरती, रिक्षापुरती, दवाखान्याच्या काउंटरपुरती दुसरी भाषा लवकर तोंडात बसवायचीय त्याच्यासाठी हे लिहितोय. साहित्य वाचायचं असेल तर हा रस्ता तुमचा नाही.

आधी थेरी दोन मिनिटात. पावलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना माहिती आहे. पुस्तकात घंटाच छापलेली असते, पण तो मेट्रोनोमची टकटकसुद्धा वापरायचा. आवाज आणि खाणं बरोबर येत गेलं की नुसत्या आवाजानंसुद्धा लाळ सुटते. थॉर्नडाइकनं मांजराला पेटीत कोंडलं, ज्या धडपडीनं दार उघडलं ती धडपड मांजर पुढच्या वेळी लवकर करायला लागलं. १९१३ ला वॉटसन म्हणाला की मनात काय चाललंय ते सोडा, बाहेर दिसतंय ते वागणं तेवढं मोजा. आणि १९५७ ला स्किनरनं हेच सगळं भाषेला लावलं, म्हणजे बोलणं ही पण एक सवय, समोरून काहीतरी येतं (उद्दीपक), आपण काहीतरी बोलतो (प्रतिसाद), आणि त्याचं फळ मिळालं (प्रबलन) तर ते बोलणं पक्कं होतं. दुसरी भाषा शिकणं म्हणजे मग नवीन सवय लावणं, आणि अडचण एवढीच की जुनी सवय, म्हणजे आपली मराठी, आधीच जागा धरून बसलेली असते.

आता कामाचं. मुळाक्षरांनी सुरुवात करू नका. मी तीच चूक केली, आठ दिवस कन्नड अक्षरं गिरवली आणि दुकानात तोंडातनं शब्द फुटेना. या थेरीवर उभी राहिलेली जी शिकवायची पद्धत होती, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना भाषा शिकवल्या त्यानंतर जोरात आली ती, तिच्यात क्रमच असा होता की आधी ऐका, मग बोला, वाचणं-लिहिणं नंतर. तर एक वही घ्या आणि आठवडाभर फक्त गिऱ्हाईक काय बोलतंय ते कानावर पडेल तसं देवनागरीत उतरवा. माझी यादी जेमतेम तीस वाक्यांची झाली. माणसं दुकानात येऊन तेच तेच बोलतात हो, किती, कमी करा, दुसरा रंग, मोठा नंबर, संपलं.

इथं एक सांगून ठेवतो, तुमच्या गिऱ्हाइकाचंच कन्नड उचला. मोबाईलवरच्या धड्यात ‘इदे’ शिकवतात, म्हणजे ‘आहे’, आणि अथणीचा माणूस म्हणतो ‘ऐति’. मी ‘बेरे बण्णा इदे’ म्हणालो (दुसरा रंग आहे) तर कळलं सगळ्यांना, पण बघायला लागले की हा बेंगळूरचा कुठनं आला. ‘ऐति’ म्हटल्यावर खुर्ची ओढून बसले. आता हे बसणं म्हणजेच प्रबलन, बाकी काय वेगळं नसतं.

मग ड्रिल. एक साचा धरायचा आणि त्यातला एकच शब्द बदलत जायचा. ‘एंट नंबर बेका? ओंबत्त नंबर बेका? हत्त नंबर बेका?’ आठ पाहिजे का, नऊ पाहिजे का, दहा पाहिजे का. मग नंबरच्या जागी रंग, मग ‘ई चप्पल’, ‘आ चप्पल’. सकाळी शटर उघडल्यावर माल लावता लावता वीस मिनिटं, मोठ्यानं. पण वहीत मराठी वाक्य वाचून त्याचं कन्नड करायचं नाही, कारण मग सवय लागते ती मराठी वाक्याला, आणि गिऱ्हाईक काय आपल्याला मराठी वाक्य वाचून दाखवत नाही. कापशी जोड (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) हातात घ्या आणि बोला. किमतीचं लेबल बघा आणि बोला, आरनूरु, एंटनूरु, ओंबैनूरु. क्रमानं तर अजिबात नको. मी आकडे एकापासून ओळीत पाठ केले, त्यामुळं सात म्हणायला मनातल्या मनात ओंदु, एरडु पासून जिना चढावा लागायचा आणि तोपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात.

जुनी सवय कुठं मदत करणार आणि कुठं आडवी येणार याचा अंदाज आधीच बांधता येतो असं लाडो म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ होता त्याचं म्हणणं, त्याचं पुस्तक पण १९५७ चंच. दोन भाषा शेजारी ठेवा, सारखं असेल ते सोपं, वेगळं असेल ते अवघड. कोल्हापूरकराला कन्नडात बरंच फुकट मिळतं. ‘ळ’ आणि ‘ण’ आपल्या तोंडात आहेतच. ‘मला पाणी पाहिजे’ म्हणजे ‘ननगे नीरु बेकु’, ‘मला माहीत नाही’ म्हणजे ‘ननगे गोत्तिल्ला’, शब्दाला शब्द बसतो, इंग्रजीत ‘मला’ चा ‘मी’ करताना जी कसरत करतो ती इथं नाहीच. आणि आपल्याकडं चप्पल आली, बूट आला, पायताण आलं, तिकडं तिन्हीला ‘बंतु’. उलट दिशेनं येणाऱ्याचे हाल बघा, अथणीकडनं माल घेऊन येणारे एक काका इतक्या वर्षात अजून ‘चप्पल आला’ म्हणतात.

आडवं येतं ते हे. कन्नडात ए आणि ओ आखूड पण असतात आणि लांब पण, आणि मराठी कानाला तो फरकच ऐकू येत नाही. ‘कोडु’ मधला ओ आखूड म्हटला तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’. मी कित्येक दिवस लोकांकडं शंभर रुपये मागताना शिंग काढत होतो. अशा जोड्या वेगळ्या काढा, कुणाला तरी बोलायला लावून रेकॉर्ड करा, आणि दिवसातनं दोन-तीनदा पाच पाच मिनिटं ऐकून म्हणा. वर्तनवादी लोक चुकीच्या बाबतीत कडक, चूक म्हणजे वाईट सवय, जागच्या जागी मोडायची. मला ते उच्चाराला पटतं. वाक्याला नाही, कारण प्रत्येक शब्दाला कोण टोकायला लागलं की माणूस गप्पच बसतो, ती पण सवयच की. वाक्य अर्धंमुर्धं असलं तरी चालवून घ्या, हळूहळू घडवत न्या, स्किनर कबुतरांना असंच शिकवायचा, पूर्ण गिरकी मारायच्या आधी नुसती मान वळवली तरी दाणा.

दाणा लगेच मिळाला पाहिजे हे महत्त्वाचं. आणि इथंच कोल्हापुरात घोळ होतो, निपाणीचा माणूस आपलं कन्नड ऐकतो आणि सरळ मराठीत उत्तर देतो! त्याला वाटतं मदत करतोय. चार वेळा असं झालं की आपली सवय विझायला लागते. त्यावर एकच उपाय, हसत म्हणायचं, ‘कन्नडदल्ले हेळ्री’, कन्नडातच सांगा. दहातले सात खूश होऊन बोलतात, तीन घाईत असतात. ते पण बरंच आहे, कारण कधी मिळणार कधी नाही अशा फळानं लागलेली सवय लवकर सुटत नाही.

आता ही थेरी कुठं तोंडावर पाडते ते ऐका. ‘कडिमे आगल्ला’, कमी होणार नाही, हे मी इतकं घोटलेलं की ‘प्पा’ (म्हणजे ‘बाबा’, भाव करताना गिऱ्हाईक वाक्याच्या शेवटी लावतं ते) ऐकू आलं की सुटायचंच. एकदा एक आज्जी आल्या, कालपरवा घेतलेला जोड हातात, चेहरा कसनुसा, म्हणाल्या, ‘कालु नोयतावप्पा’. मी लगेच, ‘कडिमे आगल्ला’. त्या म्हणत होत्या पाय दुखतायत रे बाबा, आणि मी सांगितलं कमी होणार नाही. शेजारच्या दुकानातली पोरं अजून चिडवतात.

चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञानं १९५९ ला स्किनरची जी चिरफाड केली तिचा एक मुद्दा मला त्या दिवशी कळला, की माणूस कधी न ऐकलेली वाक्यं बोलतो, समजतो, ती सवयीतनं कुठनं येणार. आमचं धाकटं ‘मी करलं’ म्हणतं, घरात असं कोणच बोलत नाही, ते पोराचं पोरानंच बनवलं. मी पण त्या आज्जींपुढं घाम पुसत घोटलेले तुकडे गोळा केले, आकड्यातला ‘मूरु’, ‘दिवसा’ मराठीतलाच वाटला म्हणून, ‘हाकि नोड्री’ मधलं ‘हाक’, तेलाला ‘एण्णे’ आण्णांनी मागनं सांगितलं, आणि जुळवलं, ‘मूरु दिवसा एण्णे हच्चरी, आमेले हाकरी’. तीन दिवस तेल लावा, मग घाला. चपलेच्या कानाला (बाजूच्या पट्टीला) कुठं लावायचं ते हातानं दाखवलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेलाची बाटलीच काउंटरवर आणून ठेवली. आता तिच्याकडं नुसती नजर गेली तरी माझ्या तोंडात ‘एण्णे हच्चरी’ येतं, परवा तर पुण्याच्या गिऱ्हाइकाला पण तेच म्हणालो.