उरलेली 280 कुठे गेली?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर माझं पहिलं पोस्टिंग सिंधुदुर्गातल्या एका सरकारी रुग्णालयात, मेडिसिन वॉर्डला, तेही जुलैत. पावसाळ्यात किडनीचे पेशंट कुठून येतात हे पुस्तकात वाचलं नव्हतं. ते येतात भाताच्या खाचरातून. कुणाला घोणस चावलेली, कुणाला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप), तर कुणी जुलाबांनी सुकून गेलेला आणि वर दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या खाऊन आलेला.

माझी चूक आधी सांगते. घोणस चावलेला साठ किलोचा शेतकरी, सर्पविष प्रतिबंधक लस देऊन झालेली. सगळ्यांचं लक्ष सुजलेल्या पायाकडे. आधीच्या ड्युटीत चार्टवर तासाला 50 मिली लघवी लिहिली होती, मीही रात्रभर 50-50 लिहीत गेले. सकाळी सहाला युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी केली तर आत जेमतेम 120. चार्टवर आठ तासांचे 400. इनचार्ज सिस्टर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग उरलेली 280 कुठे गेली?"

त्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा घटक, 1.4 आलं. पाहणाऱ्याला वाटावं, फार काही नाही. दुसऱ्या दिवशी 3.1. क्रिएटिनिन मागून येतं, किडनी बसल्यावर एक-दोन दिवसांनी. लघवी आधी बोलते. हिशेब सोपा आहे: किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे या माणसाला 30. सलग सहा तास त्याखाली गेलं की डॉक्टरांना कळवायचंच. म्हणून युरोमीटर (तासातासाची लघवी मोजणारी पिशवी) लावा, नसेल तर दर तासाला मापाच्या भांड्यात काढा. आकड्याबरोबर रंगही लिहा. चहासारखी काळपट लघवी दिसली की लगेच सांगा.

फोन करण्यापूर्वी मात्र लघवीची नळी बघा. एकदा मी रात्री दोनला "लघवी थांबली" म्हणून डॉक्टरांना उठवलं. नळी पेशंटच्या मांडीखाली दबलेली होती! त्यानंतर आधी नळी, मग मूत्राशय फुगलंय का म्हणून ओटीपोटावर हात, मग फोन.

लघवी कमी असताना द्रवाचं गणित साधारण असं असतं: काल झाली तेवढी लघवी, अधिक 500 मिली. ताप, जुलाब असतील तर जास्त. नेमका आकडा डॉक्टर ठरवतात, पाळायचा आपण. इथेच खरी कसोटी लागते. त्या शेतकऱ्याची बायको रोज विचारायची, "सिस्टर, वायच पेज दिली तर चालात मां?" पेज म्हणजे जेवण, ते पाण्यात कसं धरायचं, हे तिला पटेना. शेवटी दिवसभराचा वाटा एका बाटलीत भरून उशाशी ठेवला. पेज दिली की तेवढं पाणी तिच्यासमोर बाटलीतून ओतून द्यायचं. समजावण्यापेक्षा ते लवकर कळलं. रोज सकाळी त्याच काट्यावर वजनही घ्या. एका दिवसात किलोभर वाढलं तर ते अन्नानं वाढलेलं नसतं.

दुसरी भांडणाची वस्तू म्हणजे शहाळं. आजाऱ्याला भेटायला येणारा शहाळं आणणारच. त्यात पोटॅशियम भरपूर, आणि लघवी बंद असलेल्या माणसाचं हृदय त्यानं थांबू शकतं. प्रेमानं आणलेलं परत पाठवणं अवघड जातं, पण पाठवा.

आमच्या पेशंटचं पोटॅशियम तिसऱ्या दिवशी 6.8 झालं, म्हणजे धोक्याइतकं जास्त, ईसीजीत टी लाटा तंबूसारख्या उंच. ऑर्डरप्रमाणे आधी कॅल्शियम ग्लुकोनेट, मॉनिटरवर डोळा ठेवून हळू. त्यानं पोटॅशियम उतरत नाही, हृदयाला तेवढा वेळ सांभाळलं जातं. मग ते उतरवायला इन्सुलिन आणि, शुगर पडू नये म्हणून, डेक्स्ट्रोज (ग्लुकोज). नव्या मुली इथे सुटकेचा श्वास सोडतात आणि शुगर तपासायला विसरतात. इन्सुलिनचा असर डेक्स्ट्रोज संपल्यावरही राहतो, म्हणून पुढचे सहा तास तासातासाला ग्लुकोमीटर. कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकाच लाइनमधून देऊ नका, खडूसारखा साका बसतो. आणि रक्त ओढताना सिरिंज जोरात खेचली तर पेशी फुटून पोटॅशियम खोटंच जास्त येतं.

डायलिसिसला त्याला जांघेत कॅथेटर टाकला. घोणशीच्या विषानं रक्त गोठत नाही, म्हणून ड्रेसिंग उचलून नाही तरी पांघरूण बाजूला सारून दर थोड्या वेळानं बघत होते. स्नायूत इंजेक्शन तर बंदच. त्या कॅथेटरमधून सलाईन किंवा औषध देण्याचा मोह शिरा सापडेनात तेव्हा होतो. ती लाइन डायलिसिसचीच.

बाराव्या दिवशी लघवी सुटली. चौदाव्याला 3800 मिली. घरचे खूश, वॉर्डातल्या मावशी खूश, आणि माझी पळापळ, कारण बीपी 90वर आलं होतं. किडनी पाणी सोडायला लागते, पण धरून ठेवायला शिकायला तिला वेळ लागतो. आता उलटी काळजी: पाणी कमी पडतंय का, पोटॅशियम घसरतंय का.

पोटॅशियम 3.1 आलं, म्हणजे आता कमी. त्या संध्याकाळी बायकोनं भीतभीत पिशवीतून शहाळं काढलं. मी डॉक्टरांना विचारलं, मग मावशींकडून ते सोलून घेतलं, मापात ओतलं आणि चार्टवर लिहिलं: तोंडावाटे, 200 मिली.