आधी वही, मग पाकीट

जकात म्हटलं की आमच्या आगारातल्या मंडळींना नाका आठवायचा. ट्रकची रांग, पावती फाडणारा कारकून आणि बाजूला वडापावची गाडी. जीएसटी आला आणि १ जुलै २०१७ पासून मुंबईचे नाकेही उठले. आमच्या घरातली जकात, म्हणजे मुसलमानाने वर्षातून एकदा आपल्या शिलकीतून गरजूंसाठी काढायचा ठरलेला हिस्सा, चालूच आहे. शब्द एकच, अरबीतून आलेला. नाक्यावरची जकात चुकवायला लोक आडरस्ता धरायचे. ही आपणच मोजायची आणि आपणच घेणाऱ्याच्या दारापर्यंत न्यायची.

मी ३१ वर्षं एसटीत रोखपाल होतो. रात्री वाहक वे-बिल आणि पिशवी घेऊन खिडकीशी यायचे. रुपयाचा फरक आला तरी मी पुन्हा मोजायला लावायचो. त्यामुळे निवृत्त झाल्यापासून दर शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, जमातीतली, आमच्या मशिदीच्या समाजातली पोरं माझ्या पडवीत येऊन बसतात. "चाचा, माझी किती निघते?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय. मी आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार नाही, हिशेबनीस आहे. मसला, म्हणजे धर्माचा प्रश्न अडला तर मौलानांकडे जा, बेरीज अडली तर माझ्याकडे या.

पहिलं काम, तारीख पक्की करा. जकात वर्षातून एकदा, आणि वर्ष चांद्र, म्हणजे ३५४ दिवसांचं. नियमाने तारीख तीच, ज्या दिवशी तुमच्याकडची रक्कम पहिल्यांदा निसाबाच्या, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेच्या, वर गेली. ती कुणालाच आठवत नाही, मग अंदाजाने एक हिजरी तारीख धरा आणि ती बदलू नका. ३१ मार्चचा मोह फार जणांना होतो, कारण बँकेचे कागद तेव्हा हातात असतात. पण इंग्रजी वर्षाने चाललात तर दर वर्षी अकरा दिवस निसटतात आणि साधारण ३३ वर्षांत एक अख्खी जकात बुडते. माझी तारीख १५ शाबान. शबे बरातची रात्र असल्याने विसरायला होत नाही, आणि रमजान लागायच्या आत पैसे ज्यांचे त्यांना पोचतात. लोक सवाबासाठी, म्हणजे जास्त पुण्यासाठी, रमजानच्या सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत थांबतात. पण समोरच्या घरात पहाटेच्या सहेरीचं पीठ पहिल्या रोज्यालाच लागतं.

आता वही. दोन पानं करा, एक नवऱ्याचं, एक बायकोचं. जकात घराची नसते, माणसाची असते. बायकोचं सोनं बायकोचं, लग्नात नवऱ्याने दिलेले मेहेरचे पैसे तिचे, तेव्हा तिचा हिशेब वेगळा. नवऱ्याने तिच्या वतीने, तिला विचारून भरली तर चालतं, पण बेरीज एकत्र करायची नाही.

पानावर काय लिहायचं? घरातली रोकड, बँकेतली शिल्लक, ठेवीची मुद्दल, कुणाला उसने दिलेले आणि परत येतील अशी खात्री असलेले पैसे, सोनं-चांदी, आणि दुकान असेल तर त्या दिवशीच्या बाजारभावाने दुकानातला माल. विकायच्या इराद्याने घेतलेला प्लॉटही यात येतो. राहतं घर, स्कूटर, फ्रिज, शिलाई मशीन, मच्छीवाल्याची होडी आणि जाळी यातलं काही धरायचं नाही. व्याज आम्हाला वर्ज्य, म्हणून ठेवीवरचं व्याज मी बेरजेतही घेत नाही आणि जकात म्हणूनही देत नाही. सवाबाची आशा न धरता ते गरजूला देऊन टाकतो.

सोन्यापाशी लोक चुकतात, मीही चुकलो. किताबांत सोन्याचा निसाब साडेसात तोळे आणि चांदीचा साडेबावन्न. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. आपला सोनार आज तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. म्हणजे निसाब ८७.४८ ग्रॅम सोनं किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी. आमच्या हिचे आठ तोळे मी कितीतरी वर्षं साडेसातच्या वर धरत होतो. एकदा वजन केलं तर ८० ग्रॅम, म्हणजे निसाबाच्या आत. मी खूश झालो, म्हटलं सुटलो. ही मिरजेची, हनफी, म्हणजे आमच्या शाफईहून वेगळी धर्मनियमांची परंपरा पाळणारी. तिने कपाटातला डबा पुढे ठेवला. त्यात तिचे साठवलेले पैसे होते. हनफी हिशेबात सोनं, चांदी आणि रोकड यांची किंमत एकत्र करतात आणि ती चांदीच्या निसाबाशी ताडून बघतात. एवढ्या सोन्यासोबत थोडी रोकड असली तरी जकात लागतेच.

इथं कोकणातलं एक सांगायला हवं. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. शाफई मतात बाईच्या रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. हनफी मतात आहे. लग्न झालं त्या वर्षी यावरून आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली. माझ्या आईचं म्हणणं, बांगड्या घालण्यासाठी असतात. हिचं म्हणणं, माझ्या माहेरी दरसाल द्यायचे. शेवटी ठरलं की ज्याचा मजहब, म्हणजे नियमांची परंपरा, त्याचा हिशेब. तुमच्या घरात असं मिश्रण असेल तर वहीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात मजहब लिहून ठेवा. कर्जाचंही तसंच. हनफी हिशेबात देणं वजा होतं, शाफईत कर्ज असलं तरी जकात सुटत नाही. म्हणून मी वाण्याची उधारी आणि दवाखान्याचं बिल तारखेच्या आधीच चुकतं करतो.

उदाहरण घेऊ. सोन्याचा भाव हिशेब सोपा व्हावा म्हणून ग्रॅमला १०,००० रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा धरा. हिचं पान: सोनं ८० ग्रॅम म्हणजे ८,००,०००, डब्यातले ६०,०००, शिंप्याचं आणि भिशीचं देणं २०,००० वजा. राहिले ८,४०,०००. माझं पान: रोकड १८,०००, खात्यात २,३२,०००, मुद्दल ४,००,०००, चुलतभावाकडे ५०,०००. एकूण ७,००,०००. टक्केवारीच्या भानगडीत पडू नका, ४० ने भागा. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा हिस्साच. हिचे २१,०००, माझे १७,५००. झाली जकात.

बागायतदार विचारतात, हापूसचं काय? शेतीचा नियम वेगळा. पावसाच्या पाण्यावरचं पीक असेल तर दहावा हिस्सा, पाणी घालून पिकवलं तर विसावा. पण शाफई मतात हे धान्यासारख्या साठवून खायच्या पिकाला लागू, आंब्याला नाही. हनफी मतात आंब्यालाही. आंब्याचे पैसे तारखेला खात्यात शिल्लक असतील तर ते नेहमीच्या हिशेबात येतातच. बाग कुणाची आणि मजहब कुठला, हे मौलानांना आधी सांगा, मग प्रश्न विचारा.

इथवर सगळं सोपं. आकडे शांत असतात, माणसं तशी नसतात.

कुणाला द्यायची हे कुरआनात सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत आहे. आठ प्रकार: फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची ते, गुलामीतून सोडवायचे ते, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या वाटेवरचे आणि वाटेत अडकलेला प्रवासी. आमच्या गावात कामाचे मुख्यतः तीन: ज्याच्याकडे काहीच नाही, ज्याच्याकडे पुरेसं नाही आणि ज्याच्या डोक्यावर सावकार बसलाय. आईबाप, आजीआजोबा, मुलं, नातवंडं यांना जकात देता येत नाही, नवऱ्याने बायकोलाही नाही. त्यांना सांभाळणं आपल्यावर आहेच. भाऊ, बहीण, मावशी, आत्या गरजू असतील तर देता येते, आणि हदीसप्रमाणे, म्हणजे पैगंबरांच्या वचनाप्रमाणे, त्यात सदका (दान) आणि नातं सांभाळणं असा दुहेरी सवाब. म्हणून यादी करताना सुरुवात आपल्या विधवा बहिणीपासून करा. दूरच्याला देणं सोपं असतं, तो पुढच्या ईदला आपल्यासोबत जेवायला नसतो.

मशिदीचा रंग, कब्रस्तानाची भिंत, लाऊडस्पीकर यांना जकात चालत नाही. ती माणसाच्या मालकीची झाली पाहिजे. रंग-भिंतीसाठी वेगळी लिल्लाह रक्कम, म्हणजे अल्लाहच्या नावाने ऐच्छिक देणगी काढा. कुणाकडे तुमचे पैसे अडकलेत आणि तो फेडू शकत नाही, तर "जा, जकातीत माफ" म्हटल्याने जकात होत नाही. त्याला जकात हातात द्या. मग त्याने त्यातून कर्ज फेडलं तर त्याची मर्जी, आधी अट घालायची नाही. रमजानमध्ये पावती पुस्तकं घेऊन सफीर, म्हणजे मदरशांसाठी वर्गणी गोळा करणारे येतात. त्यांना तोडून बोलू नका, पण मदरशाला फोन करून विचारा आणि जकातीची पावती वेगळी मागा.

देण्याची रीत मी एका फजितीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही रेशनचे संच वाटले. टेबल, मागे बॅनर, पिशवी हातात धरून फोटो. फोटो मीच काढले आणि ग्रुपवर टाकलेही मीच. संध्याकाळी एक बाई पिशवी परत घेऊन आली. तांदूळ, तेल, खजूर, सगळं जसंच्या तसं. "पोरीच्या वर्गात बघितला फोटो," एवढंच म्हणाली आणि पायरीवर ठेवून गेली. ती सूरह बकराची आयत मला पाठ होती, उपकार बोलून आणि मन दुखवून सदका वाया घालवू नका. पाठ असून काय उपयोग!

तेव्हापासून आमच्याकडे पाकीट जातं. साधं पांढरं, नाव नसलेलं. बायकांकडे आमची ही जाते, असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर, हातात सांदणांचा डबा असतो. शेजारणीला वाटतं खाऊ आलाय. पाकीट डब्याखाली राहतं. "जकात" हा शब्द उच्चारायची गरज नाही; नीयत देणाऱ्याच्या मनात असली की पुरे. ईदी म्हणा, पोरांच्या पुस्तकांना म्हणा. माझ्या वहीत रक्कम लिहितो, नाव नाही, फक्त एक खूण. मी मेल्यावर वही पोरांच्या हातात पडेल.

आणखी एक. १७,५०० चे पस्तीस जणांना पाचशे वाटले की यादी मोठी दिसते, पण कुणाचंच काही सरत नाही. मी तीन-चार घरंच धरतो. एका वर्षी आयटीआयची फी, एका वर्षी सावकाराचा शेवटचा हप्ता. ज्याचा हप्ता फिटला तो दोन वर्षांनी स्वतःची जकात मोजायला पडवीत आला. दीडशे रुपये निघाले होते असं तो म्हणाला; मी बेरीज तपासली, चुकीची होती, निसाबच झाला नव्हता. तरी देऊन गेला. सदका म्हणून.

सदक्याला, म्हणजे आपखुशीच्या दानाला, निसाब नाही, तारीख नाही, धर्माची अटही नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा जकात वाटून संपली होती. आम्ही सदक्याची पिशवी उघडली, आणि काहींनी मौलानांना विचारून पुढच्या वर्षाची जकात आगाऊ काढली, ती चालते. आगाऊ दिलेली त्याच दिवशी वहीत पुढच्या पानावर चढवा, नाहीतर पुन्हा द्याल. तेही काही वाईट नाही म्हणा.

फितरा, म्हणजे रमजान ईदचं दान, याहून वेगळा. घरातल्या प्रत्येक माणशी, तान्ह्या बाळाचाही, ईदच्या नमाजाआधी. आमच्याकडे तांदूळ, माणशी अडीच-तीन किलो. हिच्या माहेरी पावणेदोन-दोन किलो गव्हाची किंमत रोख. जमात जो आकडा जाहीर करेल तो धरा. तांदूळ आपण खातो तोच द्या, रेशनचा वेगळा काढून नव्हे.

सगळं वाटून झालं की कॅलेंडर काढा आणि पुढची १५ शाबान शोधून गोल करा. ती यंदापेक्षा दहा-अकरा दिवस आधी येईल, आणि छापलेली तारीख चंद्र दिसण्यावर एखादा दिवस मागेपुढे सरकेल. गोल पेन्सिलीने करा.